हिमस्खलनाची चाचणी: तडा किती लांब पळतो ते पाहा

ज्या उतारावरून जायचे आहे, त्याच दिशेला तोंड असलेला एखादा छोटा उतार चाचणीसाठी निवडा. कोन 30 अंशांच्या आसपास असावा, पण वर मोठा उतार टांगलेला नको. खड्डा खणतानाच गाडले जाण्यात अर्थ नाही.

बर्फाचा एक खांब मोकळा करा: उताराला आडवा 90 सेंटीमीटर, उताराच्या दिशेने 30. मागची बाजू गाठी मारलेल्या दोरीने किंवा बर्फाच्या करवतीने, संशयित कमकुवत थराच्या (ज्यावरून वरचा बर्फ घसरू शकतो, अशा आतल्या थराच्या) खालपर्यंत पूर्ण कापा. ही बाजू अर्धवट कापली की खांब मागच्या बर्फाला धरून राहतो आणि निकाल खोटा दिलासा देतो. फावड्याचे पाते खांबाच्या एका टोकावर सपाट ठेवून त्यावर हाताने थापा मारा: 10 मनगटातून, 10 कोपरातून, 10 खांद्यातून.

कमकुवत थरात तडा पडला की त्याच किंवा पुढच्याच थापेला तो दुसऱ्या टोकापर्यंत गेला का, एवढेच बघा. गेला, तर तो उतार आणि तसे सगळे उतार सोडा. थापा किती लागल्या हे दुय्यम. तडा फावड्याखालीच थांबला तरी तो होकार समजू नका, कारण थोड्या अंतरावर थर बदललेला असू शकतो. कमकुवत थर मीटरभराहून खोल असेल, तर थापांचा जोर तिथवर नीट पोहोचतच नाही.

आसपास ताजे स्खलन दिसले किंवा पायाखाली बर्फ ‘धप्प’ करून खचला, तर खणत बसू नका. उत्तर मिळाले आहे.