पुण्यात नर्सिंगला येताय? आधी रजिस्टरचं विचारा

लातूरहून येणारी एसटी हडपसरात शिरली की क्लासच्या पाट्या दिसायला लागतात. सहा महिन्यांत नर्स, नोकरी पक्की. अशाच एका पाटीला भुलून मी आत गेले होते. वडिलांनी सोयाबीन विकून दिलेले पैसे भरले आणि पाच महिन्यांनी कळलं, की त्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये, म्हणजे राज्यातल्या नर्सची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, नाव लागत नाही. म्हणून गावाकडून येणाऱ्या प्रत्येकीला सांगते: फी भरायच्या आधी विचारा, कोर्स झाल्यावर माझं नाव कौन्सिलच्या कोणत्या रजिस्टरला लागेल? उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या.

एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफचा कोर्स, दोन वर्षांचा. त्याची नोंद कौन्सिलमध्ये होते, पण एएनएम म्हणून. उपकेंद्रातल्या नर्सबाई बहुतेक याच वाटेनं आलेल्या असतात. आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स व्हायचं असेल, तर जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) किंवा बीएस्सी नर्सिंग.

जीएनएम तीन वर्षांचा. बारावी आर्ट्सची असली तरी चालते, इंग्रजी विषय मात्र हवा. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतंच, शिवाय राज्याची वेगळी सीईटी असते आणि डिग्री नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. वॉर्डात दोघींचं काम जवळपास सारखंच. फरक पुढं पडतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला बीएस्सीवाली लगेच बसू शकते, जीएनएमवालीला आधी किमान 50 खाटांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून सायन्स असेल तर बीएस्सीच धरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण आर्ट्स घेतलं म्हणून हातपाय गाळू नका. मी जीएनएम केलं, नोंदणी केली, नोकरी केली आणि मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. वर्षं जास्त गेली, पण डिग्री हातात आली.

वानवडीच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजातही बीएस्सी नर्सिंग आहे, फक्त मुलींसाठी. तिथं ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पुढं सैन्याच्या नर्सिंग सेवेत जायची तयारी हवी.

जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल: हे सगळं गावीच करून या. ऐन प्रवेशाच्या दिवसांत तहसीलला परत पळावं लागलं की प्रवेशाची फेरी हातची जाते. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतलीत तर स्कॉलरशिपवर पाणी सोडावं लागतं, हे घरी आधीच नीट समजावून सांगा.

आता इंग्रजीचं. मराठी शाळेतून आलेल्या मुली पहिल्या तीन महिन्यांत रडतात, मीही रडले. ॲनाटॉमी डोक्यावरून जायची. माझ्या वॉर्डातल्या सीनिअर सिस्टरनी मला एप्रनच्या खिशात मावेल अशी वही करायला लावली. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एनपीओ म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही, स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. रोज पाच शब्द, झोपायच्या आधी मोठ्यानं म्हणायचे. दिवाळीपर्यंत पेशंटची केसशीट वाचता यायला लागली. आणि डॉक्टरांची ऑर्डर कळली नाही तर पुन्हा विचारा, दहा वेळा विचारा. ओरडा खाल्लेला चालेल, चुकीचा डोस नाही.