परदेशातून गाडी आणताय? ॲडव्हान्स पाठवण्याआधीची तयारी

गाडी पसंत पडली की माणूस आधी ड्युटी किती हे विचारतो. ते नंतर. आधी एक कागद घ्या आणि त्यावर गाडीची कुंडली मांडा: इंजिन पेट्रोलचं की डिझेलचं की नुसती बॅटरी, सीसी नेमके किती, चालकासकट किती जण बसतात, स्टिअरिंग कुठल्या बाजूला, कारखान्यातून कधी बाहेर पडली, आणि कुठे नोंदणी झाली आहे का. मॉडेलचं नाव लिहिलं नाही तरी चालेल.

स्टिअरिंग आधी तपासा, कारण त्याला पैसे पडत नाहीत. काही मोजक्या सवलती सोडल्या तर भारतात येणारी गाडी उजव्या स्टिअरिंगचीच लागते, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये आणि हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा. दुबईत दहा-बारा वर्षं राहिलेला आपला माणूस परतताना लाडकी एसयूव्ही बरोबर आणायची स्वप्नं बघतो, आणि ती डाव्या स्टिअरिंगची असल्याने विषय तिथेच मिटतो. ती तिथेच विकून टाका. ब्रिटन, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथल्या गाड्यांना ही अडचण येत नाही. ब्रिटिश गाडीचं स्पीडोमीटर मात्र मैलांत असतं, तो काटा किलोमीटरवर आणायची सोय तिकडेच बघा.

मग नवी की जुनी. इथे लोक हमखास फसतात. आयात धोरणाच्या लेखी नवी गाडी म्हणजे आधी विकलेली, भाड्याने दिलेली किंवा नोंदणी झालेली नसलेली गाडी. ब्रिटनमधले डीलर महिन्याचा आकडा गाठायला काही गाड्या स्वतःच्याच नावावर नोंदवून ठेवतात आणि पुढे थोड्या सवलतीत विकतात. मीटरवर वीस मैलही नसतात, सीटवरचं प्लास्टिक तसंच असतं, पण कस्टम्सच्या दृष्टीने ती जुनीच. तिकडे मिळालेली सवलत इकडच्या ड्युटीत कुठच्या कुठे जाते. म्हणून डीलरकडून 'आजवर नोंदणी नाही' असं लेखी घ्या.

जुनी आणायची असेल तर ती तयार झाल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी. तयार झाल्यापासून, पहिल्या नोंदणीपासून नव्हे. जपानच्या एक्स्पोर्ट सर्टिफिकेटवर पहिल्या नोंदणीचा महिना असतो, उत्पादनाचा नसतो, आणि तिथल्या चासी नंबरवरून वर्ष थेट वाचताही येत नाही. त्यामुळे कंपनीकडून उत्पादनाच्या तारखेचं पत्र मागवा. शिवाय विक्रेत्याला मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांगा: दाराच्या खांबावरची प्लेट, काचेच्या कोपऱ्यातल्या बारीक खुणा, आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर मुळाशी शिवलेली पट्टी. त्या पट्टीवर बेल्ट कधी बनला ते छापलेलं असतं. बेल्ट २०२१ चा आणि गाडी २०२३ ची असं दिसलं, तर तपासणीला येणारा अधिकारी विचारेल तो प्रश्न तुम्हीच आधी विचारा.

जुन्या गाडीला बंदर एकच, मुंबई. न्हावा शेवाही नाही. बुकिंग करताना एजंट 'तिकडचं जहाज लवकर मिळतंय' म्हणेल, ऐकू नका. रवाना होण्याआधीचं तपासणी प्रमाणपत्र लागतं, आणि इथे उतरल्यावर पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा मान्य संस्थेची चाचणी. आयात झाल्यापासून पुढची पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्याजोगी राहील, हेही दाखवावं लागतं. नव्या गाडीला बंदरांची यादी मोठी आहे. तिच्यात तळेगावचा ड्राय पोर्टही (समुद्रापासून आत असलेला कस्टम्सचा डेपो) आहे, पुणेकरांनी लक्षात ठेवावं.

आता टॅरिफ, म्हणजे गाडी कुठल्या क्रमांकाखाली मोडते ती कस्टम्सची यादी. प्रवासी गाड्यांचं शीर्षक ८७०३. चालकासकट नऊ जणांपर्यंत ८७०३, दहा किंवा जास्त असले की ८७०२. रेसिंग कार आणि स्टेशन वॅगन ८७०३ मध्येच, मालवाहू गाडी ८७०४ मध्ये. पेट्रोलला १००० सीसीपर्यंत ८७०३२१, १५०० पर्यंत शेवटचे दोन आकडे २२, ३००० पर्यंत २३, त्यावर २४. डिझेलला १५०० पर्यंत ३१, २५०० पर्यंत ३२, वर ३३. इथे बॅजवर विसंबू नका. मागे 'तीन लिटर' लिहिलेलं पेट्रोल इंजिन कागदावर बहुधा २९९८ सीसीचं असतं, म्हणजे २४ नव्हे, २३. नोंदणी कागदावरचा आकडाच बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या आयातीच्या अर्जात, गेला पाहिजे.

हायब्रिडपाशी थांबून विचार करा. पेट्रोल इंजिन आणि मोटर दोन्ही गाडी ओढत असतील तर ८७०३ पुढे ४०, बाहेरून चार्ज होत असेल तर ६०, नुसत्या विजेवर चालत असेल तर ८०. माइल्ड हायब्रिडची मोटर गाडी खरोखर ओढते की इंजिन सुरू करून थोडा हातभार लावते, यावर वाद होऊ शकतो. कंपनीचं तांत्रिक पत्र जवळ ठेवा. त्यात 'इको' किंवा 'स्मार्ट' असली जाहिरातबाजी नको, मोटर चाकांना ताकद देते का, एवढंच हवं. डबल कॅब पिकअपचंही तसंच. मागे कायमच्या सीट आणि सीटबेल्ट, बाजूला खिडक्या, मधे पार्टिशन नाही, आतली सजावट कारसारखी, या खुणा ती माणसांसाठी आहे असं सांगतात. शंका मोठी आणि रक्कमही मोठी असेल, तर गाडी कुठल्या क्रमांकाखाली येईल हे आधीच ठरवून देणाऱ्या, मुंबईतल्या कस्टम्सच्या ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. एका गाडीसाठी कोणी इतकं करत नाही, पण व्यवसाय म्हणून आणणाऱ्याने नक्की करावं.

'सुटे भाग करून खोक्यांत आणू, ड्युटी वाचेल' हा सल्ला देणारा एक तरी भेटतोच. वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियमांतला २ (अ) म्हणतो, सुटी केलेली वस्तूही पूर्ण वस्तूचं मूळ स्वरूप धरून असेल तर पूर्णच समजायची. वेगवेगळ्या खेपांत आलेले भाग सुटे धरायचे की जोडणीचा संच, यावरून २०२४ मध्ये स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस निघाली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे.

आता ड्युटी. २०२५ च्या अर्थसंकल्पाने सीआयएफ (विमा आणि जहाजभाडं धरून किंमत) ४०,००० डॉलरांवरच्या नव्या गाडीला मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि वर कृषी पायाभूत उपकर ४० टक्के असं गणित बसवलं, जुन्या गाडीला हाच उपकर ६७.५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटी रचनेत मोठ्या गाडीवर ४० टक्के, इलेक्ट्रिकवर ५. समजा सीआयएफ ५० लाख. नव्या मोठ्या पेट्रोल गाडीवर ३५ आणि २० मिळून ५५ लाख. आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, किंमत आणि ड्युटी मिळून १०५ लाखांवर लागतो, म्हणजे ४२. एकूण ९७ लाख. तीच किंमत जुन्या गाडीची धरली तर ११६ लाख २५ हजार. बिल ऑफ एंट्री दाखल होते त्या दिवसाचा दर लागतो, आणि ती जहाजाच्या आधीच दाखल केली असेल तर कस्टम्स जहाजाला 'एंट्री इनवर्ड' देतं त्या दिवसाचा, म्हणून आदल्या आठवड्यात दर पुन्हा बघा. व्यापार करारातली सवलत मागायची असेल तर ओरिजिन सर्टिफिकेट (गाडी कुठल्या देशात बनली त्याचा दाखला) आणि तो दाखला तपासण्याच्या २०२० च्या कॅरोटार नियमांनुसारची माहिती हाताशी हवी.

जुन्या गाडीचं इनव्हॉइस तसंच मान्य होईल अशी आशा धरू नका. नव्या गाडीच्या किमतीतून घसारा वजा करण्याची पद्धत चालत आली आहे: पहिल्या वर्षी तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी २.५. तुम्ही घासाघीस करून स्वस्तात मिळवलीत, याचं कौतुक घरी होईल. भाड्याची आणि विम्याची पावती जपा. आकडा कळत नसेल तर भाडं एफओबीच्या (जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्के आणि विमा १.१२५ टक्के धरतात, आणि एवढं भाडं एका गाडीला सहसा लागत नाही.

सीएचए, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवणारा एजंट, आधी ठरवा, जहाज निघाल्यावर नव्हे. आधी गाड्या सोडवलेला माणूस बघा. कपडे आणि केमिकल सोडवणारा हुशार असला तरी इथे अडखळतो. इनव्हॉइस, बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती), नोंदणी रद्द केल्याचा दाखला, तपासणी प्रमाणपत्र आणि कंपनीचं पत्र यांवर चासी नंबर अक्षरशः एकच असावा. जपानी नंबरातला डॅशही एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही असं नको. बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल झाली नाही, तर उशिराचे पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. बंदरातलं भाडं वेगळं. आरटीओचा कर वेगळा. पैसे बँकेत तयार ठेवा, एफडी मोडायला लागणारे दोन दिवसही त्यात धरा.

आणि डिकी रिकामी ठेवा. मुलांची सायकल, मिक्सर, चार बाटल्या, काहीही नको. गाडीच्या कागदांवर नसलेली वस्तू आत सापडली की ती न सांगता आणलेला माल ठरते, आणि सगळी गाडी तिच्यापायी अडकते.