कॅलिब्रेशन करताय? या चुका टाळा

बेळगावात एमएस्सीच्या पोरांना किरणोत्सर्ग मोजणारे डिटेक्टर शिकवताना कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे माहीत असलेल्या ऊर्जेवरून पट्टी बसवताना, दरवर्षी त्याच चुका बघतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सीझियम-१३७ हा गॅमाचा सोर्स लावायचा, त्याच्या ६६२ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) गॅमाचा पीक म्हणजे उंचवटा कुठल्या चॅनेलवर (मोजणीच्या कप्प्यात) आला ते बघायचं आणि त्याच पट्टीनं न्यूट्रॉनचा धक्का खाल्लेल्या केंद्रकाची ऊर्जा वाचायची. सोडियम आयोडाइड म्हणजे ऊर्जा पडली की उजेड देणारा स्फटिक. त्यात गॅमा इलेक्ट्रॉनला ऊर्जा देतो. सोडियमचं केंद्रक जड आणि संथ. ते शेजारच्या अणूंवर आदळत बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवतं. उजेड कमीच पडतो. तेवढ्याच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनच्या तुलनेत उजेडाचं हे प्रमाण सोडियमला वेगवेगळ्या मोजण्यांत साधारण ०.१ ते ०.३ निघालंय, आयोडिनला त्याहून कमी. १० केईव्हीचा धक्का गॅमाच्या पट्टीवर एक ते तीन केईव्हीच दिसणार.

खानापूरकडचा एक हुशार मुलगा बाहेरून २.५ एमईव्ही (२५०० केईव्ही) न्यूट्रॉनचा डेटा घेऊन आला. "सर, सोडियमचा स्पेक्ट्रम शंभर केईव्हीच्या आसपासच संपतोय." समोरासमोर टक्कर झाली तर सोडियम न्यूट्रॉनच्या ऊर्जेचा १६ टक्के भाग घेतो, म्हणजे ४०० केईव्ही. तीन आठवडे तो कोन आणि अंतरं तपासत बसला होता. त्याच्या आलेखाच्या अक्षावर नुसतं 'केईव्ही' लिहिलेलं होतं, पट्टी मात्र गॅमाची होती. तेव्हापासून 'इलेक्ट्रॉन-तुल्य' (गॅमाच्या पट्टीवरची) ऊर्जा की 'केंद्रकाची' (खरी), हे अक्षावर लिहिल्याशिवाय मी आलेख हातात घेत नाही.

दुसरी चूक करंटची. आषाढात इकडं करंट जातो-येतो, आणि आला की पोरं लगेच डेटा घ्यायला बसतात. उजेडाचा विजेचा पल्स करणाऱ्या नळीत, म्हणजे पीएमटीत, इलेक्ट्रॉन वाढवणारे दहा टप्पे (डायनोड) असतील, तर व्होल्टेज एक टक्का हललं की गेन (पल्स किती पट वाढतो ते) सुमारे सात टक्के हलतो. मी तासभर थांबतो, मग डेटाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा सीझियम लावतो. त्याच स्पेक्ट्रममध्ये डावीकडं ३२ केईव्हीचा बेरियमचा एक्स-रे दिसतो. तो सरकला असेल तर दिवसाचा डेटा बाजूला. घाई असलेल्यांना हे पटत नाही, पण घाईत घेतलेले आकडे मी तपासत नाही.

६६२ वरून खाली सरळ रेघ ओढू नका. ३३ केईव्हीजवळ आयोडिनमुळं उजेडाचं प्रमाण वाकतं, म्हणून अमेरिशियम-२४१ चा ५९.५ केईव्हीचा गॅमा सुद्धा घ्या.

अमेरिशियम-बेरिलियम या न्यूट्रॉनच्या सोर्समधून न्यूट्रॉनबरोबर ४.४ एमईव्हीचा गॅमाही येतो, तो वेगळा काढा.

थ्रेशोल्डच्या (ज्याच्या खालचे पल्स मोजलेच जात नाहीत त्या मर्यादेच्या) अगदी काठावरचे पल्स हिशेबात धरू नका. लहान पल्स तिथं सुटतात, मोठेच राहतात, आणि उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो.