टर्बो गाडीचं नॉकिंग आणि ‘लीन’चा कोड: पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट, पुढे एसटी, गाडीत आम्ही चौघं, डिकी ठासून भरलेली, एसी फुल्ल. गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल. वळण संपल्यावर एसटीला मागे टाकायला तिसऱ्या गिअरमध्येच पाय दाबला, तर बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवावेत तसा आवाज. पाय काढला की गप्प. प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत चेक इंजिनचा दिवाही लागला.

पुण्यात आल्यावर गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन: हवा जास्त, पेट्रोल कमी. ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय साहेब.’ सेन्सर बदलला, कोड उडवला. आठ दिवसांनी दिवा परत हजर. मग प्लग, मग कॉइल. खिसा हलका झाला, दिवा तसाच. पुढचं सगळं त्या उन्हाळ्यात ठेचकाळत शिकलो.

कोड उडवायची घाई

कोड दिसला की आधी दाबलं जातं ते ‘डिलीट’. त्यासोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. कोड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, कूलंटचं तापमान किती, फ्युएल ट्रिम (ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, पेट्रोल किती टक्के वाढवलं-घटवलं) किती, हे सगळं तिच्यात असतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत ईसीयूने शिकलेले ट्रिमही शून्यावर येतात आणि गाडी दोन-चार दिवस बरी वाटते. हे बरं वाटणंच फसवं. आधी स्क्रीनचा फोटो काढा, मग काय उडवायचं ते उडवा.

आणि पी ०१७१ हा सेन्सर बिघडल्याचा निरोप नाही. सेन्सर ‘लीन’ म्हणाला, ईसीयूने पेट्रोल वाढवलं, वाढवण्याची मर्यादा संपली तरी पुरलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. निरोप्यालाच बदलून काय होणार?

प्रत्येक टकटक म्हणजे नॉकिंग नव्हे

नॉकिंग म्हणजे काय? स्पार्क पडतो, ज्वाळा पसरत जाते, पण ती पोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेट घेतं. त्या धक्क्याने सिलिंडर घंटेसारखा वाजतो, साधारण ६ ते ७ हजार हर्ट्झवर. म्हणून तो आवाज बारीक आणि धातूचा असतो. लोडवर येतो, पाय काढला की थांबतो, गरम हवेत वाढतो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारणाऱ्या) गाडीत आयडलला येणारी टिकटिक इंजेक्टरची आणि हाय प्रेशर पंपाची असते, ती चालायचीच. सायलेन्सरजवळचा सैल पत्रा ठरावीक आरपीएमला हुबेहूब नॉकिंगसारखा वाजतो. जड, ठोक्यासारखा, आरपीएमबरोबर वेग घेणारा आवाज मात्र बेअरिंगचा असू शकतो. तसा आला तर गाडी तिथेच बंद करा आणि ऑइल बघा.

उलटी चूक जास्त घातक: आवाज नाही म्हणजे नॉकिंग नाही. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर आपल्या कानाआधी ऐकतो आणि ईसीयू इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे स्पार्क उशिरा पाडतो. स्वीडनच्या साब कंपनीने तर १९८२ मध्येच नॉकिंग ऐकून टर्बोचा बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) कमी करणारी यंत्रणा आणली होती. आजच्या गाडीत आपल्याला जाणवतं ते एवढंच की पिकअप नाही, घाटात ओढत नाही, ॲव्हरेज पडलंय.

साध्या ब्लूटूथ ओबीडी ॲडॉप्टरवर (गाडीच्या स्कॅनरच्या सॉकेटात लावून फोनला जोडायचं छोटं यंत्र) नॉकमुळे किती टायमिंग मागे घेतलं ते बहुधा दिसत नाही, पण टायमिंग ॲडव्हान्स, म्हणजे स्पार्क किती अंश आधी पडतो ते, दिसतो. तोच चढ, तोच गिअर, तेच आरपीएम. एकदा सकाळी गारव्यात, एकदा दुपारी. सोबत इनटेकचं तापमान नोंदवा. एसटीच्या मागे दहा किलोमीटरच्या वेगाने रांगताना इंटरकूलरला (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीला) वाराच मिळत नाही, हे आकड्यांत लख्ख दिसतं. फोन शेजारच्याच्या हातात द्या. घाटात स्क्रीनकडे बघत गाडी चालवू नका.

ट्रिमचा एकच आकडा बघून निकाल देणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. शॉर्ट टर्म (त्या क्षणीची) आणि लाँग टर्म (ईसीयूने शिकून ठेवलेली), दोन्ही ट्रिमची बेरीज बघायची. अधिक-उणे ५ टक्के असेल तर झोप घ्या. बेरीज अधिक १० च्या वर टिकून राहिली तर शोधायला लागा. पण खरा प्रश्न किती हा नाही, कधी हा आहे.

आयडलला ट्रिम जास्त आणि अडीच हजार आरपीएमला खाली येत असेल, तर थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पुढे, इंजिनच्या बाजूला, कुठूनतरी न मोजलेली हवा आत येतेय: फाटलेली होज, पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू परत आत घेणारा), मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांचं) गॅस्केट. उलट आयडलला सगळं ठीक आणि लोडवर ट्रिम चढत असेल, तर पेट्रोल पुरत नाहीये, किंवा हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर मळलाय.

त्यातही गाडीत हवा मोजतं कोण ते माहीत हवं. आपल्याकडच्या अनेक छोट्या टर्बो गाड्यांत मास एअरफ्लो सेन्सर नसतोच. मॅनिफोल्डमधला दाब मोजून हिशेब होतो. तिथे होज फाटली तर दाब वाढतो, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो. लक्षण दिसतं ते चढलेल्या आयडलचं, लीनचं नाही.

‘टर्बोचा पाइप लीक आहे म्हणून लीन चालतेय’ हे वाक्यही गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. एअरफ्लो सेन्सरवाल्या गाडीत मोजलेली हवा बाहेर निसटते, मग बूस्टवर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, लीन नव्हे. दाबाच्या हिशेबावर चालणाऱ्या गाडीत मिश्रण बरोबर राहतं, पण तेवढाच बूस्ट द्यायला टर्बो जास्त घुमतो, हवा जास्त तापते, आणि त्यातून नॉकिंग येतं. हा लीक इंजिन बंद ठेवून दिसेलच असं नाही. काही क्लिपा दाब आल्यावरच उघडतात. पाइपात बेताची हवा भरून साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे सांगतात.

खोटा लीन हा वेगळाच त्रास. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या जोडात चीर असेल तर तिथून बाहेरची हवा शिरते आणि सेन्सर लीन म्हणतो. एक सिलिंडर मिसिंग करत असेल तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, तेव्हाही लीनच. पी ०१७१ च्या जोडीला पी ०३०१, ०३०२ वगैरे मिसफायरचे कोड असतील तर आधी मिसिंग सोडवा.

आणखी एक सापळा: पूर्ण पाय दाबल्यावर शॉर्ट टर्म ट्रिम शून्य दिसला की लोक खूश होतात. बऱ्याच गाड्यांत त्या वेळी ईसीयू सेन्सरचं ऐकणंच सोडून देतो. तो शून्य म्हणजे ‘सगळं ठीक’ नव्हे, ‘मी बघत नाहीये’. तेव्हा वाइडबँड (मिश्रण नेमकं किती लीन-रिच ते सांगणाऱ्या) ऑक्सिजन सेन्सरचा लॅम्ब्डा वाचायचा: १ म्हणजे प्रमाण नेमकं, वर म्हणजे लीन, खाली म्हणजे रिच. बूस्टवर तो १ च्या वर सरकला तर पाय काढा; खात्री करायला पुन्हा दाबू नका. पिस्टनच्या रिंगांमधला कडा मोडायला अशा काही खेपा पुरतात.

इ-२० ला सरसकट दोष देणं

शुद्ध पेट्रोलला हवा-पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७, इ-१० ला (१० टक्के इथेनॉल) साधारण १४.१, इ-२० ला (२० टक्के) १३.५ च्या आसपास. म्हणजे इ-१० साठी जुळवलेल्या गाडीत इ-२० भरलं की ट्रिम ४-५ टक्क्यांनी वर जाणारच. ती गळती नाही, इंधनाचा गुण आहे. पण अधिक १७ दिसत असेल आणि कुणी ‘इ-२० आहे ना, असंच असतं’ म्हणत असेल, तर तो कंटाळा आहे. नॉकिंगच्या बाबतीत इथेनॉल उलट मदतच करतं: त्याचा ऑक्टेन (नॉकिंग न होऊ देण्याची ताकद) जास्त, आणि बाष्प होताना ते मिश्रण गार करतं. आकडे वाचताना लॅम्ब्डा धरा. बहुतेक मीटर लॅम्ब्डा १ ला डोळे झाकून १४.७ लिहितात, टाकीत काहीही असो.

जास्त ऑक्टेनचं पेट्रोल औषध म्हणून नव्हे, चाचणी म्हणून वापरा. एक टाकी संपवा आणि तोच चढ पुन्हा नोंदवा. टायमिंग सुधारलं तर उष्णता, दाब किंवा वॉल्व्हवरचा कार्बन यांकडे वळा. काहीच फरक नाही? मग सेन्सर यांत्रिक आवाजाला नॉकिंग समजत असेल, किंवा तो नीट बसवलेला नसेल. नॉक सेन्सरचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कवरच आवळायचा असतो, बऱ्याच ठिकाणी २० न्यूटन मीटरच्या आसपास. खाली वॉशर नको, गंज नको. ‘घट्ट कर रे’ इथे चालत नाही.

महागडा पंप आधी बदलणं

माझ्या गाडीत आयडलला ट्रिम अधिक ३, चढावर अधिक १७. रेलचा (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब मागणीपेक्षा बराच खाली पडत होता. लगेच हाय प्रेशर पंपाचं कोटेशन आलं, वाचून घाम फुटला. पण त्या पंपाला पेट्रोल पोचवतो तो टाकीतला छोटा पंप. आधी त्या बाजूला गेज लावा म्हटलं. लोडवर तिथलाच दाब कोसळत होता. टाकीतला पंप आणि त्याची जाळी बदलल्यावर चढावरचा ट्रिम अधिक ५ वर आला, दिवा गेला तो गेलाच.

पुढच्या रविवारी परत आंबेनळी. दिवा नाही, लॅम्ब्डा जागेवर, आणि त्याच वळणावर तोच आवाज, थोडा हलका. लॉग उघडला: तिसरा गिअर, १,६०० आरपीएम, पाय पूर्ण दाबलेला, टायमिंग जेमतेम २ अंश. कमी आरपीएमला भरपूर बूस्ट मागितला की ज्वाळा संथ, दाब प्रचंड. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बोत तर अशा वेळी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. ऑइलचा थेंबही त्याला निमित्त पुरतो. हा धोका धरूनच एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने आधी एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हा दर्जा आणला, म्हणून डब्यावर ती अक्षरं बघूनच ऑइल घ्या. लीन आणि नॉकिंग हा एकच आजार समजून मी महिनाभर एकाच्या मागे धावलो होतो. दुसरा आजार ॲव्हरेज वाचवायला उंच गिअरमध्ये रेटणाऱ्या माझ्या डाव्या हाताचा होता. त्याच चढावर दुसरा गिअर टाकला, २,८०० आरपीएम, टायमिंग ११ अंश. एसटी मागे पडली, फुटाणे वाजले नाहीत.