नागपुरात सागरी अभियांत्रिकी शिकवताय? या चुका टाळा

इथल्या सिव्हिल-मेकॅनिकलच्या मुलांपैकी काही जण समुद्राकडे वळतात. कोणी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट जेट्टीवर घेतो, कोणी गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मद्रास किंवा खरगपूरला ओशन इंजिनीअरिंगच्या एमटेकला जातो. गणितात ही मुलं कुठेच कमी नसतात. पण लाट किती लांब असते, भरतीला पाणी किती चढतं, याचा अंदाज त्यांना नसतो आणि पुस्तकात तो गृहीत धरलेला असतो. हा अंदाज शिक्षकाने मुद्दाम घडवावा लागतो. तो घडवला नाही की पुढच्या चुका ठरलेल्या.

मरीन आणि ओशन एकच समजणं

पालक 'मर्चंट नेव्ही' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेकदा मरीन इंजिनीअरिंग असतं, म्हणजे जहाजाच्या इंजिन रूममधलं काम. त्यासाठी इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. ओशन इंजिनीअरिंगमध्ये बंदरं, समुद्रात उभे केलेले प्लॅटफॉर्म, समुद्रतळावरच्या पाइपलाइन येतात. जहाजाचं डिझाइन म्हणजे नेव्हल आर्किटेक्चर; कोचीच्या कुसॅट विद्यापीठात ते शिकवलं जातं. हे तीन रस्ते बारावीच्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना समोर बसवून सांगा. जहाजावर जायचं असेल तर फी भरण्याआधी डीजी शिपिंगने (केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून डोळे तपासून घ्यायला लावा. रंगांधळेपणा असेल तर तो रस्ता बंद होतो, आणि हे प्रवेशानंतर कळलं तर घराचे पैसे आणि मुलाचं वर्ष दोन्ही जातं. संस्थेची मान्यताही डीजी शिपिंगच्या यादीत स्वतः बघावी, एजंटच्या शब्दावर राहू नये.

खोली कुठून मोजली, हे न विचारणं

माझ्या मते सगळ्यात महागडी चूक हीच. सर्व्हेइंगमध्ये आपल्या मुलांनी कायम सरासरी समुद्रसपाटी वापरलेली असते. नागपूर 310 मीटर उंचीवर, हे त्यांना पाठ असतं. त्यामुळे सागरी चार्टवर 7 मीटर खोली दिसली की तीही सरासरी समुद्रसपाटीपासूनच, असं ती धरून चालतात. चार्टवरची खोली चार्ट डेटमपासून, म्हणजे चार्टसाठी ठरवलेल्या शून्य पातळीपासून असते आणि तो ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीजवळ ठेवलेला असतो, कारण जहाजवाल्याला कमीत कमी पाणी किती मिळेल ते कळायला हवं. मुंबईत सरासरी समुद्रसपाटी या डेटमच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे चार्टवरचे 7 मीटर सरासरी पातळीला साडेनऊ होतात. पाइलची (जेट्टीच्या जमिनीत रोवलेल्या खांबाची) लांबी, डेकची (जेट्टीच्या वरच्या पृष्ठभागाची) उंची, लाटेचा जोर, सगळं तिथून चुकत जातं आणि रिपोर्ट मात्र दिसायला नीटनेटका असतो.

उपाय सोपा आहे. प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर एक उभी रेघ काढायला लावा. तिच्यावर चार्ट डेटम, सरासरी पातळी, उधाणाची भरती, समुद्रतळ आणि डेक, सगळं एकाच शून्यापासून लिहून घ्या. ही रेघ नसेल तर मी पुढचं पान बघत नाही.

खोल पाण्याचं सूत्र सगळीकडे लावणं

खोल पाण्यात लाटेची लांबी (मीटरमध्ये) साधारण 1.56 गुणिले आवर्तनकालाचा, म्हणजे एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंतच्या सेकंदांचा, वर्ग. 10 सेकंदांच्या लाटेला 156 मीटर. पण खोली लांबीच्या निम्म्याहून जास्त असेल तरच हे चालतं. तीच लाट 10 मीटर पाण्यात आली की लांबी 92 मीटरच्या आसपास उरते. जेट्टी तर उथळ पाण्यातच उभी असते, तरी मुलं 156 धरूनच पुढे जातात.

सूत्राआधी मुलांना वाऱ्याच्या दिवशी फुटाळा तलावावर न्या. काठावर एक खूण धरायची, दहा लाटा मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजायच्या. आवर्तनकाल सेकंदाच्या आसपास येतो, म्हणजे लांबी जेमतेम दीड-दोन मीटर. मग विचारा, तलावावर 10 सेकंदांची लाट का उठत नाही? वाऱ्याला धावायला किती पाणी मिळतं, म्हणजेच फेच, हा मुद्दा मुलं स्वतः बोलून दाखवतात. तरंगतं पान लाटेबरोबर वाहून न जाता जवळपास जागेवरच वर-खाली, पुढे-मागे होतं, हेही तिथेच दिसतं. कॉलेजच्या फ्ल्यूममध्ये (प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या पाटात) वाहतं पाणी बघितलेल्या मुलांच्या डोक्यात लाट आणि प्रवाह यांची गल्लत असते, ती यानेच सुटते.

प्रयोगशाळेत छोटं मॉडेल करताना वेळेचंही प्रमाण बदलतं. 1:25 मॉडेलमध्ये 10 सेकंदांची लाट 2 सेकंदांची करावी लागते, कारण वेळ प्रमाणाच्या वर्गमुळाने बदलते. बल मात्र घनाने, म्हणजे 15,625 पटीने.

सॉफ्टवेअर आधी, हिशेब नंतर

रंगीत आलेख आले की मुलांना काम झालं असं वाटतं. आधी कागदावर एक बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) करून घ्या: लांबी 60, रुंदी 15, ड्राफ्ट (पाण्याखालचा भाग) 3 मीटर. विस्थापन 2,700 घनमीटर, समुद्राच्या पाण्याची घनता 1.025 धरून सुमारे 2,768 टन. केबी (तळापासून उत्प्लावनकेंद्रापर्यंत) 1.5, बीएम (तिथून मेटासेंटरपर्यंत, म्हणजे नौका कलली की पाण्याच्या उचलाची रेषा मध्यरेषेला छेदते त्या बिंदूपर्यंत) 6.25, म्हणून केएम (तळापासून मेटासेंटर) 7.75 मीटर. गुरुत्वकेंद्र तळापासून 5 मीटरवर असेल तर जीएम, म्हणजे गुरुत्वकेंद्रापासून मेटासेंटरची उंची, 2.75; स्थिरतेचं हेच माप. सॉफ्टवेअरचं उत्तर याच्या जवळपास नसेल तर बहुतेक वेळा मीटर-मिलिमीटरचा किंवा गोड्या-खाऱ्या पाण्याचा घोळ असतो.

टाकीतल्या मोकळ्या पाण्याने स्थिरता का घटते, हे बादलीत दाखवा. आयताकृती प्लॅस्टिकच्या डब्यात थोडं पाणी घालून तो तरंगवा आणि हलकेच कलता करा, तो भेलकांडतो. मग लांबीच्या दिशेने मधोमध पट्टी घट्ट बसवून पुन्हा करा. पाणी तेवढंच, पण दोन कप्प्यांमुळे स्थिरतेतली घट एक चतुर्थांशावर येते, कारण ती रुंदीच्या घनावर अवलंबून असते.

सहल ठरवताना भरतीचं वेळापत्रक न बघणं

मुंबईला नेणार असाल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस निवडा आणि एकच जेट्टी भरतीला आणि साधारण सहा तासांनी ओहोटीला, अशी दोनदा दाखवा. पाइलवर गंज सर्वांत जास्त कुठे आहे ते बघायला सांगा. तो बहुधा पाण्याखाली नसून लाटांचे शिंतोडे उडतात त्या पट्ट्यात सापडेल. बंदराच्या आत जायची परवानगी मिळायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आणि मुलांची ओळखपत्रं रेल्वेच्या रिझर्व्हेशनआधीच पाठवा.