गावच्या पाण्याचा वर्षाचा रिपोर्ट कसा लिहायचा

मार्च आला का ग्रामपंचायतीत कागदं जुळवायची घाई होते अन् त्यात पाण्याबद्दल एकच ओळ असते, "पाणी पिण्यायोग्य आहे". हा रिपोर्ट नाही राजेहो. माणसाले कळलं पाहिजे का आपल्या नळाले कोणत्या विहिरीचं पाणी येते, त्यात काय किती निघालं अन् निघाल्यावर पंचायतनं काय केलं.

म्हणून पहिले सगळे सोर्स लिहून काढा, नळयोजनेची विहीर, बोअर, हातपंप, जो कोणी वापरते तो, अन् प्रत्येकाचा हिशोब वेगळा ठेवा. सरासरी काढू नका. समजा एका हातपंपात फ्लोराईड 2 निघालं अन् दुसऱ्यात 0.5, तर सरासरी 1.25, म्हणजे दीडच्या मर्यादेच्या आत, कागदावर सगळं भागलं, पण त्या पहिल्या हातपंपावरच्या पोरायचे दात पिवळे पडाचे ते पडतेच ना.

केमिकल तपासणी वर्षातून एकदा अन् जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी अन् पावसाळ्यानंतर, हे कमीत कमी धरा. सगळ्यात जास्त घोळ नमुना घेतानाच होतो. केमिकलची कॅन त्याच पाण्यानं दोन-तीनदा खंगाळून मग भरायची, पण जंतूंची बाटली लॅबमधून निर्जंतुक केलेली येते, ती खंगाळायचीच नाही, कारण आत क्लोरीन मारायचं औषध टाकलेलं असते, धुतली तर ते गेलं अन् मग बाटलीतलं क्लोरीन रस्त्यातच जंतू मारते अन् खराब पाणीही पास होते. नळ दोन-तीन मिनिटं सोडून ठेवा, झाकणाच्या आतून बोट लावू नका, वर थोडी जागा सोडा, बर्फाच्या डब्यात ठेवा अन् त्याच दिवशी पोचवा. टाकीवरूनच नमुना घेऊन मोकळं होऊ नका, लाईनच्या शेवटच्या घरचाही घ्या. ओटी टेस्ट, म्हणजे औषधाचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन किती उरलं ते रंगावरून पाहाची तपासणी, तीही तिथंच करा, क्लोरीन लिटरमागं 0.2 मिलिग्राम तरी यायला पाहिजे. टीसीएलची (ब्लिचिंग पावडरची) पिशवी उघडी, ओलाव्यात पडली असली तर पावडर कितीही टाका, तिच्यात दम राहत नाही.

आता तक्ता. एका रकान्यात तारीख, मग आलेला आकडा, बाजूले मर्यादा. आयएस 10500, म्हणजे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, त्याप्रमाणं फ्लोराईड लिटरमागं 1 मिलिग्राम, दुसरी सोयच नसली तर 1.5 पर्यंत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 500, सोय नसली तर 2000. नायट्रेट 45, यात सूट नाही. ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतू, 100 मिलीमध्ये एकही नको. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात, टीडीएस पहिले पाहा, यवतमाळ-चंद्रपूरकडं फ्लोराईड. अन् आपल्या गावाले पाण्याच्या स्वच्छता सर्वेचं हिरवं कार्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नका, ते कार्ड सोर्सच्या आजूबाजूची घाण, गळती, टीसीएलचा वापर हे पाहून मिळते, फ्लोराईड त्यात दिसत नाही.

जो सोर्स फेल झाला तो लपवू नका, त्याची ओळ सगळ्यात वर ठेवा. त्या हातपंपावर "पिण्यासाठी नाही" असं रंगवून घ्या अन् कोणत्या तारखेपासून बंद, पर्यायी पाणी कुठून, फेरतपासणी कधी, हे लिहा. जंतू असले तर लोकायले पाणी उकळून प्या म्हणा, पण नायट्रेट-फ्लोराईडसाठी असं लिहू नका, उकळल्यानं पाणी आटते अन् ते उलट वाढते. नायट्रेट जास्त असलं तर त्या पाण्यात लहान बाळाचं दूध कालवू नका, हे मोठ्या अक्षरात पाहिजे.

अमेरिकेत गावाले पाणी पुरवणाऱ्याले असा रिपोर्ट दरवर्षी 1 जुलैच्या आत लोकायपर्यंत पोचवावा लागते. आपल्याकडं 1 मेची ग्रामसभा आहे, तिथं आकडे वाचून दाखवा, नुसतं "मंजूर, मंजूर" नको. मग फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, एक प्रत पंचायतीच्या फलकावर, एक अंगणवाडीत, अन् लॅबचे मूळ कागद फाईलले लावून ठेवा, कोणी मागितले तर तिथंच काढून देता आले पाहिजे.