टीव्हीवरच्या खो-खोचा क्लबला फायदा कसा करून घ्यावा

२०२२ साली अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग टीव्हीवर आली. अशी स्पर्धा चालू असतानाच प्रवेश उघडा. महिन्याभराने उत्साह ओसरतो.

नवी मुलं पहिल्याच दिवशी मॅटवरची सूर मारून गडी टिपण्याची नक्कल मातीत करतात आणि कोपरं सोलवटून घेतात. सूर नंतर. आधी फक्त बसणं-उठणं: एक पाऊल पुढे, टाच उचललेली, पाठीला हात लागून ‘खो’ ऐकल्यावरच उठायचं. घाईने उठलं की फाउल.

दुसरी अडचण वजीर. लीगमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाचा हा खास खेळाडू कुठल्याही दिशेला पळतो. पारंपरिक नियमांत एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. हे आधीच बजावा, नाहीतर जिल्हा स्पर्धेत फाउलांची रांग लागते.

प्रायोजक? टीव्हीमुळे फार तर दार उघडतं.